रबर परत वितळतं का?

गेल्या डिसेंबरात बाबांना पहिल्यांदाच आमच्या वसईच्या गाळ्यावर घेऊन गेले. त्यांची पस्तीस वर्षं कुर्ल्याच्या एका कारखान्यात रबराच्या प्रेसवर गेली. गास्केट, ऑइल सील, नळाचे वायसर, कुकरच्या रिंगा. आमची पोरगीसुद्धा रबरातच आहे, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. पण मी नक्की काय करते हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी आम्ही बनवलेल्या दाण्याची, म्हणजे वितळवून साच्यात भरायच्या मालाची, चाचणी होती. टूथब्रशच्या कडक दांड्यावर मऊ निळी पकड चढवायची. साच्यातून एका वेळचा माल, म्हणजे शॉट, बाहेर आला की ऑपरेटर ब्रश एका बाजूला लावायचा आणि पकडींना जोडून आलेली निळी काडी, म्हणजे रनर, तोडून पिंपात टाकायचा. पिंप भरलं की सगळे रनर ग्राइंडरमध्ये. तिथून निघालेला चुरा नव्या दाण्यात थोडा थोडा मिसळून पुन्हा हॉपरमध्ये. बाबा बराच वेळ काही न बोलता बघत होते. मग त्यांनी पिंपातला एक रनर उचलला, दोन्ही हातांनी ताणला आणि सोडला. तो चटकन होता तेवढा झाला. त्यांनी परत ताणला, परत सोडला.

"अगं, हे तर रबर आहे. हे परत वितळतं कसं?"

हा प्रश्न किती खोलातला आहे ते रबराच्या प्रेसवर काम केलेल्या माणसालाच कळेल. बाबांच्या कारखान्यात डायच्या कडेने बाहेर आलेला फ्लॅश कात्रीने कापून गोणीत भरायचे. ती गोणी भंगारात जायची. महिनाअखेरीला मालक स्वतः त्या गोण्यांचं वजन बघायचा, कारण क्युअर झालेलं, म्हणजे प्रेसच्या उष्णतेत पक्कं झालेलं, रबर परत कामाला येत नाही. गेलं ते गेलं. आणि इथे त्यांची मुलगी तोच उरलेला माल दळून पुन्हा मशिनमध्ये घालत होती. गाळ्यावरच्या आवाजात मला त्यांना धड उत्तर देता आलं नाही. पुढचे कित्येक रविवार आम्ही त्यावर बोलत बसलो. त्यातलंच हे.

आधी बाबांचं रबर. रबराचा रेणू म्हणजे हजारो मण्यांची लांबच लांब, लवचीक साखळी. शिजवलेल्या शेवया पातेल्यात जशा एकमेकींत गुंतलेल्या असतात, तशा या साखळ्या गुंतलेल्या असतात. फरक एवढाच की शेवया निपचित पडलेल्या असतात आणि रबराच्या साखळ्या सतत वळवळत असतात. ताणलं की त्या सरळ होतात, सोडलं की वळवळत परत गोळा होतात. रबराचा ताण म्हणतात तो हाच. पण साखळ्या नुसत्या गुंतलेल्या असतील तर ताण धरून ठेवल्यावर हळूहळू एकमेकींवरून घसरतात आणि वस्तू लांबलेलीच राहते. कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट चिखलासारखं होतं ते यामुळेच. चार्ल्स गुडइयरने १८३९ साली गंधक आणि उष्णता यांची जोडी शोधली आणि १८४४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. गंधकाचे अणू शेजारशेजारच्या साखळ्यांमध्ये पूल बांधतात. साखळ्या आता घसरू शकत नाहीत. बाबांच्या प्रेसमध्ये दीडशे अंशांच्या आसपास जी काही मिनिटं जायची, त्यात हेच पूल बांधले जात.

पण हे पूल पक्के रासायनिक बंध असतात. उकडलेलं अंडं जसं पुन्हा पातळ होत नाही, तसं क्युअर झालेलं रबर पुन्हा वितळत नाही. आणखी तापवलं तर जळतं. म्हणजे जो पूल रबराला रबरपण देतो, तोच त्याचा परतीचा रस्ता बंद करतो. म्हणून वस्तू थंड असताना घट्ट राहील आणि तापवल्यावर आपणहून सुटेल, अशी गाठ हवी होती.

अशी गाठ आपण सगळ्यांनी हातात धरलेली आहे. चिक्की.

चिक्कीचा पाक तापलेला असतो तेव्हा वाहतो, शेंगदाण्यांच्या मधून सगळीकडे जातो. थंड झाला की काचेसारखा टणक होतो आणि दाणे जिथल्या तिथे धरून ठेवतो. 'काचेसारखा' हे इथे नुसतं उपमेपुरतं नाही. थंड झालेला पाक शास्त्राच्या भाषेतही काचच असतो, रेणूंची शिस्तबद्ध रचना न होता गोठलेला पदार्थ. पुन्हा तापवा, पुन्हा वाहील. आता अशी कल्पना करा की रबराच्या प्रत्येक साखळीची दोन्ही टोकं या पाकात बुडवली आहेत. अनेक साखळ्यांची टोकं एकत्र येऊन पाकाचा छोटा गोळा झाला आहे. असे असंख्य गोळे आहेत, आणि प्रत्येक साखळीचं एक टोक एका गोळ्यात, दुसरं दुसऱ्या गोळ्यात अडकलं आहे. मधली लवचीक साखळी दोन गोळ्यांमधला पूल झाली. ताणलं तर पूल लांबतो, गोळे पकड सोडत नाहीत. तापवलं तर गोळे वितळतात, सगळं वाहू लागतं आणि साच्यात भरता येतं. थंड केलं की पुन्हा गोळे, पुन्हा रबर.

बाबांनी ताणलेल्या रनरमध्ये हेच होतं. पाकाच्या जागी पॉलिस्टायरिन, ज्याची पारदर्शक, पटकन तडकणारी पट्टी आपण शाळेच्या कंपासपेटीत वापरली आहे. ते शंभर अंशांच्या आसपास काचेची अवस्था सोडून मऊ होतं. साखळीच्या मधल्या भागात ब्युटाडाइनपासून बनलेलं रबर. एका साखळीत साधारण शंभर मणी स्टायरिनचे, मग हजार-अकराशे ब्युटाडाइनचे, मग पुन्हा शंभर स्टायरिनचे. एकाच साखळीत वेगवेगळ्या मण्यांचे असे सलग पट्टे असतील तर तिला ब्लॉक कोपॉलिमर म्हणतात. आणि जी वस्तू वापरताना रबरासारखी, पण साच्यात भरताना प्लॅस्टिकसारखी वागते, ती थर्मोप्लॅस्टिक इलॅस्टोमर. गाळ्यावर सगळे त्याला नुसतं टीपीई म्हणतात.

टोकं आपणहून एकत्र का येतात? कारण पॉलिस्टायरिन आणि हे रबर यांचं पटत नाही. वेगवेगळे मिसळले असते तर ते तेल-पाण्यासारखे दोन थर करून मोकळे झाले असते. पण इथे दोघं एकाच साखळीत ओवलेले. वेगळं तर व्हायचंय, पण लांब जाता येत नाही. एकाच चाळीत भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या आणि एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोन घरांसारखी गत. म्हणून स्टायरिनचे गोळे होतात ते अगदी बारीक, वीसेक नॅनोमीटरचे. आपल्या एका केसाच्या जाडीत असे तीन-चार हजार गोळे ओळीने बसतील. प्रकाशाची तरंगलांबी याच्या वीसपट तरी मोठी, त्यामुळे प्रकाशाला हे गोळे दिसतच नाहीत आणि शुद्ध माल काचेसारखा नितळ दिसतो. दोन न मिसळणारे पदार्थ एकत्र असूनही नितळ! मला आजही याचं नवल वाटतं.

इथे बाबांनी विचारलं, "दोन टोकं कशाला? एका टोकाला पाक लावला तर?" करून बघितलेलं आहे आणि चालत नाही. एकच टोक गोळ्यात अडकलं तर दुसरं मोकळं लोंबतं. दोन गोळ्यांना जोडणारा पूलच होत नाही. असा माल ताणला तर सरळ तुटतो. हे लक्षात ठेवा, पुढे फार उपयोगी पडणार आहे.

अशी मोजून-मापून पट्ट्यांची साखळी बनवायची कशी? साधारणपणे पॉलिमर बनवताना साखळ्या कधीही सुरू होतात, कधीही संपतात. कुणाची लांबी किती, यावर ताबा नसतो. मायकेल श्वार्ट्स या पोलंडमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत सिराक्यूजला काम करणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाने १९५६ साली दाखवून दिलं की काही अभिक्रियांमध्ये साखळीचं टोक मरतच नाही. समोरचे मणी संपले की ते थांबून राहतं. नवे मणी दिले की पुन्हा ओवायला लागतं. त्याने त्यांना 'जिवंत पॉलिमर' हे नाव दिलं. आधी स्टायरिन द्या, ते संपलं की ब्युटाडाइन, ते संपलं की पुन्हा स्टायरिन. झाली पट्ट्यांची साखळी. श्वार्ट्सचा विद्यार्थी राल्फ मिल्कोविच पुढे शेल कंपनीत गेला. तिथे जेफ्री होल्डन आणि त्याने मिळून या साखळ्यांचं रबरपण ओळखलं, आणि १९६५ च्या सुमारास शेलने तो माल क्रेटन या नावाने बाजारात आणला.

या जिवंत टोकाला रंगही असतो. स्टायरिनचं टोक जिवंत असेपर्यंत द्रावण नारिंगी-लाल दिसतं. एक थेंब अल्कोहोल टाका, रंग त्याच क्षणी जातो. पाण्यानेही तेच होतं. किती पाण्याने? हिशोब करून बघू. प्रत्येक साखळी ब्युटिल लिथियमच्या एका रेणूने सुरू होते. ८० किलो माल बनवायचा तर वर सांगितलेल्या लांबीच्या साखळ्यांना अवघं ६४ ग्रॅम ब्युटिल लिथियम पुरतं. आणि ते सगळं मारायला १८ ग्रॅम पाणी पुरे. मोठा चमचाभर पाणी, आणि ८० किलोचा लॉट सुरू व्हायच्या आधीच संपला. जुलैत आमच्या गाळ्यावर उघड्या राहिलेल्या पोत्यातसुद्धा ओल शिरते. म्हणून ही रसायनं बंद टाक्यांतून, नायट्रोजनच्या दाबाखाली, कोरड्या ठाक केलेल्या सायक्लोहेक्झेन या द्रावकात खेळवावी लागतात. हे गाळ्यावरचं काम नाही, मोठ्या पेट्रोकेमिकल कारखान्याचं आहे. आम्ही तयार साखळी विकत घेतो आणि पुढचं करतो.

आता या लेखाचा गाभा. एवढी सुंदर रचना जमूनही मालात एक मोठी खोट राहिली होती.

घरातलं एखादं जुनं रबरबँड शोधा. कपाटात दोन-चार वर्षं एखाद्या पासबुकाभोवती गुंडाळलेलं. ताणायला गेलात की तुटतं. पृष्ठभागावर ताणाच्या आडव्या बारीक भेगा असतात. हवेतला ऑक्सिजन आणि त्याचा तिखट भाऊ ओझोन यांचं हे काम. रबराच्या साखळीत जागोजागी कार्बन-कार्बन दुहेरी बंध असतात. दुहेरी म्हणजे जास्त मजबूत असं वाटतं, पण रसायनात उलटं आहे: ती जोडीतली दुसरी दोरी कुणीही ओढून नेऊ शकतं. ओझोन थेट तिथेच दात रोवतो. ऑक्सिजन तिच्या शेजारच्या हायड्रोजनपासून सुरुवात करतो आणि ऊन त्याला बळ देतं.

आपल्या साखळीत ब्युटाडाइनचे हजार-अकराशे मणी आहेत आणि प्रत्येक मण्यात एक दुहेरी बंध शिल्लक आहे. म्हणजे एका साखळीत हजाराच्या वर कच्चे दुवे. आता मघाची गोष्ट आठवा. बाबांच्या रबरात एका साखळीला ठिकठिकाणी गंधकाचे पूल असतात, त्यामुळे ती एका जागी तुटली तरी बाकीचे पूल तिला धरून ठेवतात. आपली साखळी मात्र फक्त दोन टोकांनी बांधलेली. मधे कुठेही, एकाच जागी तुटली की दोन अर्ध्या साखळ्या होतात, प्रत्येकीचं एक टोक गोळ्यात आणि दुसरं लोंबणारं. पूल गेला. एका टोकाचा माल चालत नाही हे आपण बघितलंच. हवा नेमका तोच माल तयार करते. हजार जागांपैकी एक जागा पुरते. माझ्या मते या सगळ्या विषयाची किल्ली इथे आहे. ज्या रचनेमुळे हा पदार्थ पुन्हा वितळू शकतो, त्याच रचनेमुळे तो जखमेला इतका हळवा आहे.

मधलं रबर ब्युटाडाइनचं असेल तर तुटण्याबरोबर भलत्याच जागी नवे पूलही पडतात आणि माल कडक होऊन तडकतो. ब्युटाडाइनऐवजी आयसोप्रीन वापरलं असेल तर साखळ्या मुख्यतः तुटत जातात आणि माल चिकट होतो. हात लावून बघितलं तरी बऱ्याचदा सांगता येतं आत काय होतं ते.

उपाय सुचायला मुंबईकराला लांब जायला नको. १९३२ साली शिवडीच्या कारखान्यात वनस्पती तूप बनू लागलं. तेच पुढे डालडा नावाने घराघरात पोचलं. पातळ तेलात निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन घालायचा. तेलाच्या रेणूंमधले दुहेरी बंध हायड्रोजन घेतात, एकेरी होतात, आणि तेल थिजतं. थिजलेलं तूप तेलाइतकं लवकर खवटही होत नाही, कारण खवट होणं म्हणजे त्याच दुहेरी बंधांवर ऑक्सिजनने केलेला हल्ला. रबरबँडच्या भेगा आणि डब्यातल्या तेलाचा खवट वास यांच्यामागे एकच रसायन आहे.

मग आपल्या साखळीतही हायड्रोजन घालायचा. निकेल किंवा कोबाल्टचे क्षार ॲल्युमिनियमच्या संयुगाबरोबर वापरतात. हायड्रोजन किती लागतो? आपल्या त्याच ८० किलोच्या लॉटला दोन-सव्वादोन किलो. एवढ्याशा वायूने हजारातले दहा-वीस सोडून बाकी सगळे कच्चे दुवे बुजतात. दोन गोष्टी मात्र जपायच्या असतात. पहिली, स्टायरिनच्या षटकोनी कड्यांना हात लागता कामा नये. पॉलिस्टायरिन ठरल्या तापमानापर्यंत टणक राहतं आणि मधल्या रबरापासून फटकून राहतं ते त्या कड्यांमुळे. सुदैवाने या कड्या हायड्रोजन सहजी घेत नाहीत, आणि उत्प्रेरक नीट निवडला तर तो त्यांना सोडून देतो.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक आहे, आणि ती समजायला पुन्हा वनस्पती तूपच कामाला येतं. तेल का थिजतं? दुहेरी बंधांमुळे वाकलेले रेणू हायड्रोजन घेतल्यावर सरळ होतात, एकमेकांना चिकटून नीट रचले जातात आणि घट्ट होतात. तुपाच्या कारखान्याला हेच हवं असतं. आम्हाला हे अजिबात नको असतं! ब्युटाडाइनचे मणी सगळे एका सरळ रेषेत ओवलेले असतील तर हायड्रोजन घातल्यावर मधला भाग चक्क पॉलिथिन होतो. दुधाच्या पिशवीचं पॉलिथिन. सरळ साखळ्या शेजारीशेजारी रचल्या जातात, स्फटिक होतात आणि रबर थिजतं. दुवे वाचवायला गेलो आणि दोरी काठी होऊन बसली.

तोड फार देखणी आहे. ब्युटाडाइनचा मणी दोन तऱ्हांनी ओवता येतो. एक तऱ्हा सरळ, चारही कार्बन साखळीच्या कण्यात. दुसरी आडवी, दोन कार्बन कण्यात आणि दोन बाजूला लोंबणारे. द्रावणात थोडंसं इथर टाकलं की लिथियमच्या टोकाभोवतालचं वातावरण बदलतं आणि आडव्या तऱ्हेचं प्रमाण वाढतं. शंभरात पस्तीस-चाळीस मणी आडवे ओवले तर हायड्रोजन घातल्यावर साखळीतून जागोजागी दोन कार्बनांच्या छोट्या फांद्या बाहेर येतात. फांद्या असलेल्या काटक्यांची मोळी घट्ट बांधता येत नाही, तसंच इथे. साखळ्या रचल्या जात नाहीत, थिजत नाहीत, पार उणे पन्नास अंशांच्या खालीपर्यंत वळवळत राहतात. आडवे मणी कमी झाले तर माल कडक, फार जास्त झाले तर थंडीत ताठ. हायड्रोजन घालण्याच्या कितीतरी आधी, मणी ओवतानाच हा विचार करावा लागतो.

सरळ मण्यांपासून इथिलीन आणि आडव्यांपासून ब्युटिलीन म्हणावे असे तुकडे होतात, म्हणून या मालाचं नाव स्टायरिन-इथिलीन-ब्युटिलीन-स्टायरिन, एसईबीएस. हायड्रोजन न घातलेला तो एसबीएस. मधल्या एका 'ई'मध्ये हा सगळा उद्योग मावला आहे. शेलने हा हायड्रोजन घातलेला माल १९७२ मध्ये आणला.

आमच्या गाळ्यावर एसईबीएस येतं ते पांढऱ्या, हलक्या भुकटीच्या पोत्यांतून. नुसतं मशिनमध्ये घातलं तर दोनशे अंशांनाही धड वाहत नाही. इथे आमचं काम सुरू होतं. मिक्सरमध्ये भुकटी घ्यायची आणि वरून पांढरं खनिज तेल सोडायचं. भिजत घातलेल्या साबुदाण्यासारखी भुकटी तेल पिते. शंभर किलो भुकटी शंभर-सव्वाशे किलो तेल पिऊनही हाताला कोरडी लागते; नव्या मुलांना मी पहिल्या दिवशी हेच दाखवते. हे तेल मधल्या रबरी भागात जातं आणि माल मऊ करतं. मग पॉलिप्रॉपिलीन, थोडी चॉकपावडर, ऊन-हवेपासून जपणारी औषधं, आणि सगळं जुळ्या स्क्रूच्या मशिनमधून शेवयांसारखं काढून दाणे कापायचे.

तेल कुठलं, याला फार महत्त्व आहे. पॅराफिन जातीचं पांढरं तेलच हवं. ॲरोमॅटिक जातीचं स्वस्त तेल घातलं तर ते स्टायरिनच्या गोळ्यांत शिरतं. पावसाळ्यात डबा उघडा राहिला की चिक्की सादळते ना? पाकात पाणी शिरतं आणि काच मऊ पडते. अगदी तसंच. गाठीच सादळल्या तर रबर कशाच्या जोरावर ताण धरणार? एका ग्राहकाने खर्च वाचवायला दुसरीकडून असा माल घेतला होता. त्याच्या पकडी दोन महिन्यांत डब्यात एकमेकींना चिकटल्या. मी तो डबा उघडताना तिथे होते. तेलकट, मलूल, बोटाचा ठसा उमटावा असा माल.

त्या दिवशी गाळ्यावरून निघताना बाबांनी एक ब्रश खिशात टाकला. घरी आल्यावर ब्लेडने आडवा कापला आणि चष्मा कपाळावर सरकवून बघत बसले. पांढरा दांडा, भोवती निळी पकड, मधे गोंदाचा थर कुठेही नाही. नखाने सोलायला गेले, सुटेना. दांडा पॉलिप्रॉपिलीनचा आणि पकडीतल्या साखळीचा मधला भाग जवळजवळ त्याच कुळातला. गरम असताना दोघं एकमेकांत थोडे विरघळतात आणि थंड झाल्यावर तसेच राहतात. रबर धातूला चिकटवायला त्यांच्या कारखान्यात दोन हात बाँडिंगचा लेप मारायचे, त्यामुळे हे त्यांना फारच भावलं.

मग त्यांनी विचारलं, "असं असेल तर कुकरची रिंग याची का नाही करत?" हाच प्रश्न विचारायला हवा. कुकरची शिट्टी होते तेव्हा आत १२० अंशांच्या आसपास तापमान असतं. स्टायरिनच्या गाठी शंभरालाच ढिल्या पडायला लागतात. वर झाकणाचा दाब, आत फोडणीचं तेल. अशी रिंग चार-सहा वेळा वापरली की चपटी होऊन तशीच राहील. पक्क्या पुलांनी बांधलेल्या रबराला इथे पर्याय नाही. उन्हात तापलेल्या इंजिनाजवळ, पेट्रोल-डिझेलमध्ये, सतत दाबाखाली राहणाऱ्या सीलमध्ये बाबांचंच रबर लागतं. आमचा माल सगळीकडे चालतो असं सांगणारा विक्रेता भेटला तर त्याच्याकडून दाणा घेऊ नका.

उलट, जिथे गरज नाही तिथे एसईबीएसवर पैसे घालवण्यातही अर्थ नाही. आमच्या घरापासून जवळच ठक्कर बाप्पा कॉलनीत चप्पल-बुटांची कामं चालतात. टीपीआर (थर्मोप्लॅस्टिक रबर) सोल म्हणतात ते बहुतेक एसबीएसचंच असतं. सोल उन्हाने तडकायच्या आधी घासून जातं, मग हायड्रोजनचा खर्च कशाला? रस्त्याच्या डांबरात शेकडा तीन ते पाच एसबीएस मिसळतात, म्हणजे उन्हाळ्यात चाकोऱ्या कमी पडतात. तिथेही हायड्रोजन न घातलेलाच माल चालतो. सलाइनच्या बाटलीचं बूच, लहान मुलांच्या वस्तू, बाल्कनीतल्या दारांच्या पट्ट्या, उघड्यावरच्या अवजारांच्या मुठी, इथे मात्र एसईबीएस हवं. नैसर्गिक रबरातल्या प्रथिनांची काहींना ॲलर्जी असते, ती भानगडही यात नाही.

आणि पुन्हा वितळण्याबद्दल एक स्पष्ट सांगायला हवं. गाळ्यावरचा रनर स्वच्छ असतो, कशाचा आहे ते माहीत असतं, म्हणून तो परत वापरता येतो. वापरलेला टूथब्रश परत येत नाही. त्यात दांडा एकाचा, पकड दुसऱ्याची, केस नायलॉनचे. धारावीत प्लॅस्टिक निवडणाऱ्या बायका नुसत्या वाजवून, वाकवून माल ओळखतात, पण तीन गोष्टी एकमेकींना चिकटलेली एवढीशी वस्तू सोडवत बसणं कुणालाच परवडत नाही. पदार्थ वितळतो, म्हणून तो परत वापरला जाईलच असं नाही. ते वस्तू बनवणाऱ्याने आधी ठरवावं लागतं.

जानेवारीत बाबांनी माझ्याकडून दोन पट्ट्या मागून घेतल्या, औषधं न घातलेल्या. एक एसबीएसची, एक एसईबीएसची. आमच्या चेंबूरच्या घराच्या पश्चिमेच्या खिडकीला ग्रिल आहे. तिथे त्यांनी दोन्ही पट्ट्या दीडपट ताणून बांधल्या आणि खाली पेनने तारीख लिहिली. मार्चमध्ये पहिलीवर आडव्या भेगा दिसायला लागल्या, एप्रिलच्या शेवटी ती गाठीजवळ तुटून खाली पडली. तो तुकडा त्यांनी उचलून आणला; वाकवला तर कडकन मोडला. दुसरी थोडी पिवळट झाली आहे. पण रोज सकाळी चहा झाला की ते तिला अंगठ्याने दाबतात आणि सोडतात. ती अजून मागे येते.